तळमजल्यावरची खोली, जवळचा दवाखाना: आम्ही बेट कसं निवडलं

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि मे २०२४ मध्ये सहकारनगरमधलं एकतीस वर्षांचं घर रिकामं करून आम्ही बिबवेवाडीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. खिडकीसमोर दुसऱ्या एका इमारतीचं काम चालू. सकाळी आठला ड्रिलिंग सुरू व्हायचं ते संध्याकाळी सहापर्यंत. मी ६३ वर्षांची, हे ६८. ह्यांची २०२१ मध्ये अँजिओप्लास्टी झालेली आहे. माझा उजवा गुडघा सपाट रस्त्यावर तासभर साथ देतो, जिन्यावर देत नाही. ऑगस्टमधल्या एका दुपारी हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "अगं, थंडीत पंधरा दिवस कुठंतरी जाऊ या. नुसता समुद्राचा आवाज येईल अशा जागी."

ज्याला सांगितलं त्याने पहिला प्रश्न हाच केला, की मग कोकण काय वाईट आहे? कोकणात आम्ही दरवर्षी जातो. पण तिथे मी पाण्यात घोट्यापर्यंतच उतरते, कारण लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि गुडघा डगमगतो. प्रवाळाची बेटं वेगळी असतात. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर प्रवाळाचा बांध असतो, मोठी लाट तिथेच फुटते आणि आतलं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. अशा कमरेएवढ्या पाण्यात निवांत उभं राहायचं, एवढीच माझी इच्छा होती.

बजेट ठरवलं दोघांचं मिळून दीड लाख. मुदत ठेवीच्या व्याजातून तेवढे काढता येणार होते, मुद्दलाला हात लावायचा नाही असं ठरलेलं. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो, डिसेंबरात सगळीकडे गर्दी आणि चढे भाव. म्हणून जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य पक्का केला.

सुरुवातीला परदेशच डोक्यात होता. मुलगी वाकडला राहते, तिने बसून सगळं शोधून दिलं. मॉरिशसचं नाव ऐकून मी हरखले होते. एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेल्या माणसांचे वंशज तिथे आहेत, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. पण जानेवारी ते मार्च हा तिथला चक्रीवादळांचा हंगाम. आपली थंडी म्हणजे त्यांचा उन्हाळा, हे आधी लक्षातच आलं नव्हतं. मलेशियातलं लंकावी चांगलं वाटलं. भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून तीस दिवसांसाठी व्हिसा लागत नाही, निघायच्या आधी तीन दिवसांत ऑनलाइन एक फॉर्म भरायचा, एवढंच. मालदीवलाही आपल्याला तीस दिवसांचा व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो. तिथे २००९ पासून गावकऱ्यांच्या वस्तीच्या बेटांवर गेस्ट हाउस चालवायला परवानगी आहे, म्हणजे महागड्या रिसॉर्टला पर्याय आहे. मात्र दर रात्री माणशी भरायचा ग्रीन टॅक्स जानेवारी २०२५ पासून लहान गेस्ट हाउसांसाठी तीन डॉलरवरून सहा डॉलर होणार होता. दोघांचे दहा रात्रींचे १२० डॉलर झाले, आणि खोलीचं भाडं वेगळंच.

माझा पासपोर्ट २०२३ मध्येच संपला होता. तो नवा करायला घेतला तेव्हा भाड्याच्या घराचा पत्ता आडवा आला. आधी आधारवरचा पत्ता बदलला. नोंदणी केलेला भाडेकरार स्कॅन करून ऑनलाइन चढवला, ५० रुपये भरले, अकरा दिवसांत बदलला. मग पासपोर्टचे १५०० रुपये भरून मुंढव्याच्या सेवा केंद्रात वेळ घेतली, १८ सप्टेंबर, सकाळी पावणेदहा. आत तीन टप्पे असतात. कागद पाहून फोटो आणि बोटांचे ठसे, मग तपासणी, मग मंजुरी. साडेअकराला मी बाहेर होते. सोबत जुना पासपोर्ट मूळ न्यावा, आणि भाडेकराराची प्रत सगळ्या पानांची न्यावी. माझ्या पुढच्या बाईंना फक्त पहिलं-शेवटचं पान आणल्याने परत जावं लागलं, आणि त्या हडपसरहून नातवाला कडेवर घेऊन आल्या होत्या. पुढे पोलीस पडताळणी झाली आणि स्पीड पोस्टने पासपोर्ट घरी आला. सेवा केंद्रापासून घरापर्यंत एकोणीस दिवस.

परदेशाचा विचार सुटला तो प्रवास विम्यामुळे. ६८ वय आणि अँजिओप्लास्टी हे दोन्ही खरंखरं लिहिलं, तर एकाने हृदयाशी संबंधित काहीच धरणार नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्याने सांगितलेला हप्ता ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. खरं न लिहिता स्वस्तातला विमा घेणारे लोक भेटले. ते मला पटत नाही. दाव्याच्या वेळी पहिली मागतात ती जुनी फाइल, आणि परक्या गावात ह्यांना काही झालं असतं तर मी एकटी तिथे कुणाशी भांडणार होते? देशातच राहायचं ठरवलं त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

मग लक्षद्वीप. फोटोंतलं ते हिरवट-निळं पाणी म्हणजे मला हवं होतं अगदी तसंच. छत्तीस बेटांपैकी वस्ती फक्त दहा बेटांवर. तिथे जायला आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो, आणि परवान्यासाठी पोलिसांचा चारित्र्य दाखला. शिवाय मान्यताप्राप्त सहल संस्थेमार्फत तरी जायचं, नाहीतर तिथल्या रहिवाशाने तुमची हमी घ्यायची. दाखल्याचा अर्ज ऑनलाइन भरला, शुल्क किरकोळ होतं. त्यानंतर मात्र अर्ज बराच काळ जागचा हलेना. दोनदा चौकशीला गेलो तेव्हा कळलं, की आमच्या जुन्या पत्त्याचं पोलीस ठाणं वेगळं आणि नव्याचं वेगळं, आणि अर्ज जुन्याकडे गेला होता. ही चूक आमची. जोडलेल्या वीजबिलावर जुना पत्ता होता. घर बदललेलं असेल तर अर्जाला जोडलेल्या प्रत्येक कागदावर एकच पत्ता आहे ना, हे आधी बघा. सुधारून पुन्हा भरला, मग एक हवालदार घरी येऊन गेले. फार सौजन्याने बोलले. "आजी, लक्षद्वीपला कशाला, काशीला जा," असंही म्हणाले. दाखला ७ नोव्हेंबरला हातात आला.

तोपर्यंत ह्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांची नेहमीची तपासणी होती. मी त्यांना पाच-सहा बेटांची यादी दाखवली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि दोनच गोष्टी विचारल्या. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर पहिला डॉक्टर किती अंतरावर आहे? आणि बोटीत चढायचं कसं आहे? दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ मला घरी आल्यावर कळला. लक्षद्वीपची जहाजं बऱ्याच बेटांना अगदी धक्क्यापर्यंत जात नाहीत. खोल पाण्यात थांबतात, लहान बोट जहाजाला चिकटते आणि हलत्या जहाजातून हलत्या बोटीत पाऊल टाकायचं असतं. खलाशी हात धरतात, रोज शेकडो लोक तसे उतरतात. माझ्या गुडघ्याला ते झेपलं नसतं. अगत्तीपर्यंत विमान जातं, पण लहान विमानांच्या मोजक्या जागा, आणि आमच्या तारखांना जे भाव दिसले त्यात बजेटचा निम्मा भाग गेला असता. दोन महिने ज्या कागदामागे घालवले तो कपाटात ठेवताना वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

त्या दिवशी रात्री मी वहीत आमचे प्रश्न नीट लिहून काढले. धक्क्यावरून थेट बोटीत जाता येतं का? खोली तळमजल्यावर मिळेल का? बेटावर निदान प्राथमिक आरोग्य केंद्र आहे का आणि मोठं रुग्णालय किती तासांवर? संध्याकाळी पायी फिरायला सपाट रस्ता आहे का? पाणी किती निळं, हे मी शेवटी लिहिलं. ही वही आधी केली असती तर ऑगस्टपासूनचे तीन महिने वाचले असते.

या चाळणीतून अंदमानातलं नील बेट शिल्लक राहिलं. आता त्याचं नाव शहीद द्वीप. नेताजींनी डिसेंबर १९४३ मध्ये पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला तेव्हा अंदमान आणि निकोबार बेटांसाठी शहीद आणि स्वराज अशी नावं सुचवली होती, त्याला धरून डिसेंबर २०१८ मध्ये नीलचं शहीद द्वीप आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं. पोर्ट ब्लेअरही सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. हे सांगते कारण तिकिटं काढताना गोंधळ होतो. काही ठिकाणी जुनं नाव, काही ठिकाणी नवं. दोन्ही टाकून बघा.

हॅवलॉक का नाही, असं भावजयीने विचारलं. तिथला राधानगरचा किनारा सुंदर आहे यात वादच नाही. पण हॅवलॉक मोठं आणि जास्त गजबजलेलं. नील लहान, बहुतेक सपाट, आणि खोल्याही स्वस्त. भारतीयांना नीलसाठी कुठलाही परवाना लागत नाही, मूळ आधार कार्ड जवळ असलं की झालं. चेन्नईहून जहाजानेही अंदमानला जाता येतं, पण समुद्रावर साधारण तीन दिवस जातात. ह्यांना ते फार करावंसं वाटत होतं. मी नाही म्हटलं.

तिकिटं १२ नोव्हेंबरला काढली. पुण्याहून थेट विमान नाही, चेन्नईला बदलायचं. दोघांचं जाऊन-येऊन ४६,००० रुपये. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवली, तिचे पैसे पडत नाहीत. मला सुरुवातीला संकोच वाटला होता, पण चेन्नईच्या विमानतळावरचं ते चालणं पाहिल्यावर संकोच गेला. नीलच्या गेस्ट हाउसला मात्र फोन करूनच खोली ठरवली. फोटोवरून तळमजला कळत नाही आणि संडास कमोडचा आहे की नाही हेही कळत नाही. मालकीणबाईंनी फोनवरच सांगितलं, "दीदी, तीन पायऱ्या आहेत, पण कठडा आहे." हे असं नेमकं सांगणारं माणूस भेटलं की मी पुढे चौकशी करत नाही. दर २,२०० रुपये रात्रीचा.

डॉक्टरांनी ह्यांना प्रवासाला हरकत नाही असं पत्र दिलं, स्कूबा डायव्हिंग मात्र साफ नाही म्हणाले. गोळ्या पंधरा दिवसांच्या ऐवजी बावीस दिवसांच्या घेतल्या, दोन पिशव्यांत अर्ध्या-अर्ध्या. एक पिशवी हरवली तरी दुसरी राहावी म्हणून. ईसीजीची शेवटची प्रत फोनमध्ये आणि कागदावरही.

२७ जानेवारी २०२५ ला रात्री लोहगावहून निघालो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी श्री विजयपुरमला उतरलो. पहिला दिवस झोपेत गेला. २९ ला सेल्युलर जेल.

त्याबद्दल दोन ओळी जास्त लिहिते. सात पाकळ्यांसारख्या सात इमारती होत्या, आता तीन उरल्या आहेत. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला. मी वर जाणार नव्हते, हे एकटेच जाणार असं ठरलं होतं. खाली बाकावर बसले होते. समोर कोलू ठेवलेला शेड दिसत होता, जिथे कैद्यांना बैलासारखं जुंपून तेल गाळून घ्यायचे. माझे आजोबा लहानपणी आम्हाला काळ्या पाण्याच्या गोष्टी सांगायचे, बाबाराव आणि तात्याराव एकाच तुरुंगात असून कित्येक दिवस एकमेकांना ठाऊक नव्हतं, हे सांगताना त्यांचा आवाज बसायचा. मी उठले. एक पायरी, थांबायचं, दुसरी पायरी. पाऊण तास लागला. वर ह्यांनी मला बघितलं आणि काही बोलले नाहीत, नुसते बाजूला सरकून दाराशी जागा करून दिली. संध्याकाळी गुडघा सुजला, बर्फ लावला. तिकडे जाणाऱ्या आमच्या वयाच्या माणसांनी सकाळी उघडताच जावं, ऊन वाढलं की ती लोखंडी गजांची लांबच लांब ओसरी तापते.

३० तारखेला खासगी बोटीने नीलला. दोघांचे जातानाचे ३,१०० रुपये. सरकारी बोट याच्या निम्म्याहून कमी पैशांत जाते, पण तिची तिकिटं आधी मिळाली नाहीत. धक्क्यावरून फळीवर चालत आत जायचं, हात धरायला माणूस होता. निघायच्या अर्धा तास आधी मी उलटीची गोळी घेतली. नीलला उतरल्यावर धक्का बराच लांब आहे, सामान ओढत चालावं लागतं, म्हणून चाकांची एकच मध्यम बॅग बरी.

बेटावरच्या वस्त्यांची नावं ऐकून मन हलकं झालं. रामनगर, भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर. पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांना इथे जमिनी मिळाल्या, मालकीणबाईंचे सासरे त्यांतलेच. आजही बेटावर भाजीपाला पिकतो आणि बोटीने बाहेर जातो. आम्हाला रोज ताजी लाल भाजी, पडवळ, भोपळा मिळायचा. मासे खाणाऱ्यांची चंगळच. मी मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, चौथ्या दिवशी मालकीणबाईंनी ती मागून घेऊन गरम भातावर खाल्ली आणि डबा ठेवूनच घेतला.

घड्याळाचं आधी सांगायला हवं होतं. अंदमान पुण्याच्या बरंच पूर्वेला, पण वेळ तीच. त्यामुळे सूर्य पुण्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतो. सहाच्या आधी उजेड, साडेपाचच्या सुमाराला सूर्य गेलेला. दुपारी झोपून पाचला उठलात तर दिवस संपला. आम्ही तिसऱ्या दिवसापासून पहाटे सीतापूरला रिक्षाने जायला लागलो आणि रात्री साडेआठला झोपायला.

भरतपूरचं पाणी माझं पाणी. २९ ला अमावस्या होऊन गेली होती, त्यामुळे पहिले काही दिवस भरती-ओहोटीतला फरक फार मोठा. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की प्रवाळ उघडे पडतात, तेव्हा तिथे चालू नये, ते जिवंत असतात आणि पायही कापतो. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. मालकीणबाईंचा मुलगा रोज संध्याकाळी उद्याच्या वेळा सांगायचा. भरती चढत असताना मी कमरेएवढ्या पाण्यात जायची. पहिल्या दिवशी ह्यांचा हात घट्ट धरून होते. चौथ्या दिवशी हात सोडला आणि अर्धा तास तशीच उभी राहिले. पायाशी पट्ट्यापट्ट्यांचे लहान मासे येत होते. किनाऱ्यावर बसून हे मला हाका मारत होते, मला ऐकूच येत नव्हतं.

१ फेब्रुवारीला माघी गणेश जयंती. मालकीणबाईंकडून नारळ आणि तांदळाचं पीठ घेतलं, गूळ त्यांच्याकडेच होता, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात अकरा मोदक केले. लगेच वसंत पंचमी आली. बंगाली मुलांची सरस्वती पूजा. पिवळ्या साड्या नेसलेल्या शाळकरी मुली रस्त्याने चालल्या होत्या, आम्हालाही प्रसादाची खिचडी खायला बसवलं. ठरवून गेलो असतो तर हे साधलं नसतं. दहा दिवस एकाच ठिकाणी राहिलो म्हणून गल्लीतल्या लोकांना आम्ही ओळखीचे झालो होतो. तीन बेटं पाच दिवसांत करणारे पाहुणे रोज दिसायचे, बिचारे सारखे बॅगा भरत असायचे.

ह्यांनी पन्नास वर्षांनी सायकल चालवली. सायकल भाड्याने मिळते. आधी अंगणात दोन फेऱ्या मारल्या, मग लक्ष्मणपूरपर्यंत. मी रिक्षात मागोमाग. सूर्यास्ताला वाळूत बसताना अंगाला खोबरेल तेल चोपडावं, वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि आठवडाभर खाज जात नाही. आमच्या पिंढऱ्यांवर अजून खुणा आहेत. एकदा रात्री ह्यांचं डोकं गरगरलं तेव्हा आरोग्य केंद्रात गेलो. रिक्षाने सात मिनिटं. रक्तदाब थोडा कमी होता, पाणी कमी प्यायल्याने. त्या सात मिनिटांत मला डॉक्टरांचा पहिला प्रश्न आठवत होता.

मुलीशी रोज व्हिडिओवर बोलणं व्हायचं. चेन्नईहून समुद्राखालची केबल २०२० मध्ये आल्यापासून तिथला फोन सुधारला असं सगळे सांगतात. तरी रोख पैसे पुरेसे न्या.

परतीची बोट ८ फेब्रुवारीची होती आणि विमान १० चं. हा मधला मोकळा दिवस ठेवताना हे म्हणाले होते, उगाच एक दिवस वाया. ८ ला सकाळी धक्क्यावर पोचल्यावर बोट रद्द झाल्याचं कळलं. शंभरेक माणसं उन्हात उभी. ज्यांचं त्याच दुपारचं विमान होतं त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. एक तरुण जोडपं रडकुंडीला आलं होतं. पैसे परत मिळाले, पण नऊ दिवसांनी आणि दोन मेल केल्यावर. आम्ही परत गेस्ट हाउसला आलो, श्री विजयपुरमच्या हॉटेलला फोन करून एक रात्र पुढे ढकलली, आणि ९ ला दुसऱ्या खासगी बोटीने सुखरूप निघालो. विमान आणि बोट एकाच दिवशी कधीही ठेवू नका.

निघताना मी एक पांढरा शंख रुमालात बांधला होता. मालकीणबाईंनी पाहिला आणि परत किनाऱ्यावर ठेवायला लावला. प्रवाळ आणि बरेच शंख-शिंपले वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि विमानतळावर बॅग तपासतात. ठेवून आले.

खर्चाचा हिशेब: विमान ४६,०००, बोटी ६,२००, नीलच्या दहा रात्री २२,०००, श्री विजयपुरमच्या तीन रात्री ८,४००, जेवणखाण १७,०००, रिक्षा-टॅक्सी ७,५००, किरकोळ ५,०००. एकूण १,१२,१०० रुपये. पासपोर्टचा खर्च यात धरलेला नाही. तो अजून कोराच आहे.

११ ला सकाळी आठला समोरचं ड्रिलिंग सुरू झालं. हे खिडकी लावून आले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीची अमावस्या कधी आहे ते बघ." मी कालनिर्णय काढलं, पण पुढच्या जानेवारीचं पान त्यात नव्हतं. मालकीणबाईंना फोन केला. तळमजल्याची खोली त्या ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवणार आहेत, आणि येताना शेंगदाण्याच्या चटणीचे दोन डबे सांगितलेत.